तिकडचा टाइम

मामांना कुणी वेळ विचारली की ते आधी आभाळाकडे बघायचे, मग म्हशीकडे बघायचे आणि मग विचारणाऱ्यालाच विचारायचे, "कशाला पायजे?" मनगटावर घड्याळ नाही, खिशात मोबाइल नाही. विचारणारा गांगरून जायचा. वेळ कशाला हवी असते ते आपल्यापैकी किती जणांना पटकन सांगता येईल, तुम्हीच बघा. तो बिचारा ऑफिस, एसटी असलं काहीतरी पुटपुटायचा. मग मामा म्हणायचे, "सात वाजून गेलं. पळा." आणि खरोखरच सात वाजून गेलेले असायचे.

कोल्हापूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ गवळी आपापल्या म्हशी घेऊन चौकातल्या दूध कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देतात. कोमट, फेसाळ, आणि पाण्याचा थेंब नाही. ज्याला प्यायचं त्याने तिथेच उभं राहून प्यायचं आणि मिशी पुसून कामाला लागायचं. मामा या गवळ्यांपैकीच एक. माझा कॉम्प्युटरचा क्लास कट्ट्यासमोरच पहिल्या मजल्यावर आहे. सकाळची बॅच सुरू होण्याआधी मी खाली उतरायची आणि मामांच्या हातचा एक ग्लास घ्यायची. मला मिशी नाही, पण पदर आहे. घरचे म्हणतात, या वयात म्हशीचं कच्चं दूध कशाला पितेस. मी घरच्यांचं ऐकत नाही.

मामांचा आवाज असा, की ते गुपित सांगायला लागले तरी पलीकडच्या पानपट्टीवाल्याला कळायचं. बोलणं सरळ तोंडावर. ग्लासात फेस जास्त आहे म्हणून एका जाड्या गृहस्थाने तक्रार केली, तर मामा म्हणाले, "पावणं, तुमाला फेसच बास हाय." गृहस्थ रागावून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मामांवर रागावलेली सगळीच माणसं दुसऱ्या दिवशी परत यायची.

त्यांचा एक नियम होता. एका म्हशीची धार एकानेच काढायची. घरात मामी होत्या, त्यांचाही हात चांगला, लोक तर म्हणायचे मामांपेक्षा सरस. पण नवरा-बायकोने म्हशी वाटून घेतल्या होत्या. निम्म्या मामींच्या, निम्म्या मामांच्या. "एका म्हशीला दोन हात लावू नयेत, मॅडम," मला एकदा सांगितलं होतं. "ती घोटाळ्यात पडती. पान्हा चोरती." मी तेव्हा मान डोलावली आणि विसरून गेले.

दुसरं खातं लोकांना उठवण्याचं. पहाटे म्हशी घेऊन निघाले की वाटेत ज्यांच्या पोरांची दहावी-बारावी असेल त्यांच्या दारावर काठी वाजवायची. आतून पोरगं ओरडायचं, "उठलो, मामा!" मामा हलायचे नाहीत. "उठ. बसून बोल." पडून बोललेलं खरं नसतं, अशी त्यांची खात्री. पोरगं उठून अंथरुणात बसलं की आवाज बदलतो म्हणे. तो बदललेला आवाज ऐकूनच ते पुढे जायचे. आमच्या गल्लीतली निम्मी इंजिनिअर मंडळी या काठीने उठलेली आहेत. अजून कुणी दारावर ठोकलं की दचकतात.

आणि असल्या माणसाच्या पोटी आली काय, तर गल्लीतली पहिल्या नंबरची झोपाळू पोरगी. एकुलती एक. माझ्या क्लासला यायची. कीबोर्डवर हात ठेवून झोपलेली मी स्वतः बघितली आहे, स्क्रीनवर एकच अक्षर ओळीने उमटत चाललेलं. मी टपली मारली की डोळे उघडून हसायची. रागावता यायचं नाही. पण डोकं असलं तल्लख, की जागी असेल तेवढ्या वेळात सगळ्यांच्या पुढे. गजर लावला तर झोपेतच बंद करायची आणि सकाळी विचारायची, वाजलाच नाही का म्हणून. तिला उठवू शकणारा माणूस जगात एकच होता. "उठ. बसून बोल." मग ती डोळे मिटूनच उठून बसायची आणि म्हणायची, "बसले, आप्पा." बारावीपर्यंत रोज हेच.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथे सरकारी कॉलेजात थोडक्यात हुकलं आणि खासगीचं नाव काढायची सोय नव्हती. मग तिच्यासारखी बरीच पोरं जातात तशी तीही कझाकस्तानात गेली, अल्माटी नावाच्या शहरात. मामांना ते नाव पहिल्याच दिवशी पाठ झालं. त्या वर्षीच्या दिवाळीत पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात ना आमच्याकडे, तेव्हा मामांच्या म्हशीच्या एका शिंगावर 'डॉक्टर' आणि दुसऱ्या शिंगावर 'अल्माटी' रंगवलेलं होतं. लोक विचारायचे, मामा, ही म्हस डॉक्टर हाय व्हय? मामा म्हणायचे, "व्हणार हाय."

जाताना पोरीच्या जिवाला एकच घोर. तिथे उठवणार कोण? आणि मामांच्या जिवालाही तोच. तिकडे हजेरी कडक, वर्गाला उशीर झालेला चालत नाही. तेव्हा माझ्या क्लासमधलं एक जुनं मशीन मामांच्या घरी गेलं. पोरीने ते बाहेरच्या खोलीत मांडलं, कॅमेरा बसवला, व्हिडिओवर बोलायचं कसं ते आई-बापाला शिकवलं, बापाचा कॉल स्वतःच्या लॅपटॉपवर आपोआप सुरू होईल अशी सोय केली आणि शेवटी एक शहाणपणाचं काम केलं. मशीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ तिने अल्माटीच्या वेळेवर लावून ठेवलं. म्हणाली, आप्पा, हिशेब करायचा नाही, भिंतीवरचं बघायचं नाही, हे बघायचं. यात सहा वाजले की मला उठवायचं.

तेव्हा अल्माटी आपल्या अर्धा तास पुढे होती. मामांना याचा काय अभिमान! कट्ट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरगी आमच्या अर्धा तास फुडं हाय." जणू ती पळत पळत पुढे निघाली होती आणि हे मागून बघत होते. घरच्या धारा झाल्या की हात धुऊन मशीनसमोर बसायचे. फोनवर उठवलं तर ती पडून बोलेल, म्हणून व्हिडिओ. ती बसलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. दिसली की मशीन बंद करून म्हशी घेऊन कट्ट्यावर. वर्ष-दीड वर्ष यात एक दिवस खंड नाही. मशीनची बॅटरी कमजोर होती, वीज गेली की घड्याळ मागे पडायचं. मग ते हाताने पुढे कसं घ्यायचं तेही पोरीने दोघांना शिकवून ठेवलं होतं. दोघांनाही. हे लक्षात ठेवा.

मग एके दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर मामांनी मला ग्लास दिला आणि दुसऱ्या हाताने थांबवलं. "मॅडम, तिकडचं सरकार घड्याळ मागं घ्यायलंय म्हणं. आख्ख्या देशाचा एकच टाइम करणार. असं कुठं असतंय व्हय?"

मी म्हटलं, असतं. तो देश एवढा लांबरुंद आहे, की आजवर तिथे दोन वेगवेगळ्या वेळा चालत होत्या. आता सरकारने एकच ठरवली. अल्माटीचं घड्याळ एक तास मागे येणार. पोरगी आता आपल्या अर्धा तास पुढे नाही, अर्धा तास मागे.

मामांचा चेहरा पडला. "तिनं काय केलंय?"

हसू आलं खरं, पण मी समजावून सांगितलं. म्हटलं, मामा, या मशीनला जगातल्या सगळ्या गावांच्या वेळा ठाऊक असतात, पण तुमचं मशीन जुनं आहे, नवी माहिती घ्यायचं त्याने कधीच सोडून दिलंय. त्याला हा बदल कळणार नाही. तेव्हा काटा सरकवू नका. घड्याळ हाताने मागे घ्यायचं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये गाव बदलायचं, ज्या गावाची वेळ आता अल्माटीसारखी आहे ते निवडायचं, म्हणजे कायमचं काम झालं. मी येऊन करून देते. मामांनी फेसाची तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हलवतात तशी मान हलवली आणि म्हणाले, "त्यात काय अवघाड हाय? तास मागं घ्यायचा. घेतो की."

आता घरातली परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या आठवड्यात नवरा-बायकोचा अबोला होता. कारण चंद्री. चंद्री म्हणजे एक रेडी, तिची आई ती लहान असतानाच मेली आणि पोरीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेली. मेमध्ये पोरगी दोन वर्षांनी पहिल्यांदा घरी यायची होती, आणि तिच्या विमानाच्या तिकिटासाठी मामांनी मामींना न विचारता चंद्री विकली. मामी म्हणाल्या, पोरगी आल्या-आल्या गोठ्यात जाईल, तिला काय दाखवू? आणि त्यानंतर बोलणंच बंद. जेवायला वाढायच्या, पण ताटाशी बोलायच्या. मामाही तसलेच हट्टी, म्हशीला सांगायचे, "सांग त्यांना, मीठ कमी हाय."

पोरीचा एक महत्त्वाचा पेपर होता, भल्या सकाळचा, आणि कॉलेज होस्टेलपासून लांब. घड्याळ मागे गेलं त्या दिवशी तिला अभ्यासाची सुट्टी आणि लगेच दुसऱ्या दिवशी पेपर. तो पास झाला की मेची सुट्टी मोकळी. नाही झाला तर सुट्टीत तिथेच राहून पुन्हा द्यायचा. मामांना हे पक्कं ठाऊक होतं. पेपरच्या सकाळी नीट उठवायचं, एवढंच त्यांचं काम होतं.

पेपरच्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर गेले तर मामा नाहीत. बाकीचे गवळी होते, पण आम्ही पाच-सहा जण मामांचेच. हातात रिकामे ग्लास घेऊन उभे. ऊन कट्ट्यावर आलं. एकजण म्हणाला, मामांना आज कुणीतरी उठवायला पाहिजे होतं वाटतं. सगळे हसले. मीही हसले.

मामा आले तेव्हा आम्ही निम्मे परत निघालो होतो. म्हशी पुढे आणि ते मागे, काठी काखेत.  खाली बसून म्हशीच्या आचळांना हात घातला, पण म्हैस दूध सोडेना. दोनदा पाठीवर थोपटलं, तरी नाही. मग ते तसेच बसून राहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, पोरीचा पेपर गेला."

काय झालं ते त्यांनी तिथेच सांगितलं. ते वेळेवर मशीनसमोर बसले होते. घड्याळात सहा वाजायची वाट बघत होते. बाहेर उजाडलं. गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या. मनात येत होतं की उशीर होतोय, दिवस वर आला. पण घड्याळात अजून पाच, अजून सव्वापाच. पोरीने सांगितलं होतं, हिशेब करायचा नाही, हे बघायचं. म्हणून बसून राहिले. "आयुष्यात पैल्यांदा आभाळाचं ऐकलं न्हाय," म्हणाले.

शेवटी सहा वाजले आणि त्यांनी तिला उठवलं. ती नेहमीसारखी डोळे मिटून उठून बसली, उशाचा मोबाइल बघितला आणि एकदम म्हणाली, "आप्पा, माझा पेपर." रात्री लावलेला गजर तिने झोपेत बंद केला होता. खोलीतली दुसरी मुलगी अभ्यासाला मैत्रिणीकडे गेलेली. ही तशीच उठून पळाली. टेबलावरचा लॅपटॉप बंद करायचंही सुचलं नाही. मामांसमोर तिची रिकामी कॉट दिसत राहिली, अर्धी खाली ओढलेली चादर आणि खुर्चीवर राहिलेला स्वेटर. बर्फ असतंय तिकडं, स्वेटर न घेता गेली, असं दोनदा म्हणाले. ती कॉट बघत ते किती वेळ बसले होते त्यांनाच माहीत नाही.

माझ्या बॅचची पोरं वर क्लासमध्ये येऊन बसली होती. बसू देत म्हटलं आणि मामांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेले.

मशीन बघायला मला फार वेळ लागला नाही. गाव तेच होतं, जुनं. पण घड्याळ एक तास नव्हे, दोन तास मागे होतं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही दोनदा मागे घेतलंत का?"

"न्हाय. येकदाच. काल सकाळी."

माझ्या मागे स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी वाजलं. मामी उभ्या होत्या, हातातलं भांडं खाली पडलेलं.  म्हणाल्या, "मी बी केलतं. काल दुपारी. पोरगी फोनवर म्हणाली, आई, घड्याळ मागं घे, आप्पा इसरतील."

झालं होतं ते असं. पोरीने काळजीपोटी दोघांनाही सांगितलं, वेगवेगळं. मामांनी सकाळी एक तास मागे घेतला. मामींनी दुपारी आणखी एक तास मागे घेतला. एकमेकांशी एक शब्द बोलले असते तर एवढं रामायण झालं नसतं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन मोठी माणसं, एक रेडी, आणि भोगायचं कुणी? मी तोंड उघडणार होते.

पण त्याआधी मामा बोलले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच बायकोकडे बघून बोलले. "तू न्हाय केलंस. दोनी डाव मीच केलंय. म्हातारा झालोय, ध्यानात ऱ्हात न्हाय."

मामी म्हणाल्या, "अवं, पण मीच..."

"तू गप. पोरीला म्या सांगतो." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमीबी ऐकलं न्हवं? दोनी डाव मीच."

मी मान हलवली. माझा राग कुठे गेला कळलं नाही. संध्याकाळी त्यांनी पोरीला खरोखर तसंच सांगितलं. तिला तिकडे आत घेतलं नव्हतं, वेळ टळून गेली होती. पुढचा पेपर सुट्टीत. म्हणजे मेमध्ये येणं रद्द. ती म्हणाली, असू द्या आप्पा, दिवाळी बघू. दिवाळीलाही जमलं नाही, पण ते पुढचं.

गाव बदलण्याचं काम मी त्याच दिवशी केलं. नवी बॅटरी घातली, घड्याळ आधी आपल्या वेळेशी जुळवलं आणि यादी उघडली. अल्माटीची नवी वेळ दाखवणाऱ्या गावांमध्ये ताश्कंद होतं. शेजारच्या देशाची राजधानी. मी ते निवडलं. मामा मागे उभे होते. वाचून दाखवा म्हणाले. वाचलं.

"पोरगी अल्माटीत आणि मशीनमदी ताश्कंद? दुसऱ्याच्या गावात कशाला बसवतासा तिला?"

मी म्हटलं, मशीनला अल्माटीची जुनीच वेळ ठाऊक आहे. नावाचं काय घेऊन बसलात? वेळ बरोबर दिसते की नाही? त्यांनी आपल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग दारात जाऊन आभाळाकडे बघितलं. अर्धा तास मागे, बरोबर. "बसू दे तर ताश्कंदात," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर मशीनला काळा दोरा बांधलेला, नजर लागू नये म्हणून म्हशीला बांधतात तसला. आणि घरात हुकूम निघाला, मशीनच्या घड्याळाला यापुढे कुणी हात लावायचा नाही. ना त्यांनी, ना मामींनी. काही दिवसांनी धार काढता काढता मला म्हणाले, "मी सांगत नव्हतो, मॅडम? येका जनावराला दोन हात लागलं."

त्या उन्हाळ्यात मामा थोडे गप्पच होते. कट्ट्यावर आवाज यायचा, पण त्यात चेष्टा कमी. लोक विचारायचे, पोरगी येणार होती ना? "काम निघालं तिला," म्हणायचे. चंद्री ज्याला विकली होती त्याच्या गोठ्याकडे मामी मधूनमधून जाऊन यायच्या आणि मामा त्यांना गाडीवरून सोडायचे. बाहेर थांबायचे, आत जायचे नाहीत.

एक सकाळ मात्र मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे. पुढच्या थंडीतली. कॅमेरा बिघडला म्हणून मामांनी मला बोलावलं होतं. मी कॅमेरा बदलेपर्यंत उठवायची वेळ झाली, म्हणून मी कडेला सरकून बसले. पडद्यावर पोरगी. मानेपर्यंत पांघरूण, डोळे मिटलेले.

"उठ. बसून बोल."

ती चुळबुळली, कुशीवर वळली, मोठी जांभई दिली आणि डोळे चोळत बसली. "बसले, आप्पा." सगळं नेहमीसारखं. पण मी पोरांना परीक्षेत कॉपी करताना पकडण्यात जन्म घालवलाय. तिची वेणी नीट घातलेली होती. ओलीच होती, नुकती न्हायलेली. आणि मागच्या टेबलावर चहाचा कप होता, त्यातून वाफ निघत होती.

मशीन बंद झाल्यावर मी म्हटलं, "मामा, ही पोरगी आधीपासून जागी होती."

"हाय ठावं."

"कधीपासून?"

"त्यो पेपर गेल्यापास्नं. सोताच उठती आता. न्हाती, चा करती, आणि माझा टाइम झाला की परत पांगरून पडती." त्यांनी काठी उचलली. "तिला वाटतंय, मला दिसत न्हाय. सांगू नगा तिला. तिला वाटतंय बापाला काम पायजे. मला वाटतंय पोरीला बाप पायजे. दोघांचं बी भागतंय."

आणि म्हशी सोडून ते कट्ट्यावर गेले. त्या दिवशी माझ्या ग्लासात फेस जरा जास्तच होता. मी तक्रार केली नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मामा गेले. झोपेतच गेले. त्यांना उठवायला कुणी गेलं नाही, कारण ते कधी झोपलेले सापडतील हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. मामी उठून गोठ्यात गेल्या, स्वतःच्या म्हशींच्या धारा काढल्या. मामांच्या म्हशी तशाच ओरडत उभ्या. त्यांना हात लावायचा नाही हा नियम, म्हणून मामी मामांना बोलवायला घरात आल्या आणि तेव्हा कळलं.

मला शेजारणीने निरोप दिला, तशी मी धावत गेले. घरात अजून फारसं कुणी जमलं नव्हतं. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडत नव्हत्या. त्यांच्या मांडीवर मोबाइल होता आणि तो वाजून वाजून थांबत होता, पुन्हा वाजत होता. मला बघून म्हणाल्या, "मॅडम, पोरीचा फोन हाय. येकदा घेतला, तर म्हणती, आई, आप्पांनी उठवलं न्हाय, घड्याळ बघ, परत चुकलंय का. मला काय बोलायला सुचंना, म्या बंद केला. तुमी तेवढं घड्याळ बघा."

मी मशीन सुरू केलं. दुसरं काय करणार होते? काळा दोरा तसाच होता, जरा विटलेला. कोपऱ्यात घड्याळ आलं. मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. ताश्कंद. बरोबर अर्धा तास मागे. सहा वाजून गेले होते.

फोन पुन्हा वाजला. मामींनी तो माझ्या हातात दिला.

"आई, बघितलंस का घड्याळ?"

मी म्हटलं, "मी मॅडम बोलतेय, बाळ. बघितलं मी. घड्याळ बरोबर आहे."

 ती म्हणाली, अगदी लहान आवाजात, "मॅडम, मी अजून पांगरून पडलीया. आप्पांची वाट बघत."

मामींनी डोळ्यांना पदर लावला. 

"उठ," मी म्हटलं. "बसून बोल."